आठ टायर आणि एक गाडी

पापनाशमला बारशाचं जेवून परत येताना गाडीचा टायर फुटला, तेव्हा अक्का आणि मी दोघी रेशमी साड्यांत होतो. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. एका बाजूला भाताची खाचरं, दुसऱ्या बाजूला कालवा, आणि काठावर आम्ही दोघी, हातात नारळ नि विड्याच्या पिशव्या. गाडीपाशी दोघे भाऊ उकिडवे बसले होते. मोठे भावोजी शाळेत गणित शिकवत, आणि आमचे हे वीज खात्यात होते. चाक बदलायला फार वेळ लागला नाही. वेळ लागला तो दोष कोणाचा हे ठरवायला. भावोजींचं म्हणणं, टायरच मुळात चुकीच्या जातीचे होते. यांचं म्हणणं, टायर बरोबर होते, चालवणारा खड्डे बघत नाही. चालवत अर्थात भावोजी होते.

गाडी दोघांची मिळून होती. पूर्वी गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. आता कर्ज द्यायला बँकाच मागे लागलेल्या, नव्या नव्या गाड्या रस्त्यावर आलेल्या, तेव्हा या दोघांनी हिंमत करून मागे डिकी असलेली, लांबलचक, पांढरी सेडान घेतली होती. पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहून आमच्या घरच्या मराठीत गाडीला वंडीच म्हणतात. ही वंडी दारात आली त्या दिवशी गल्लीतली माणसं नवरी बघायला यावं तशी आली. तिच्यावर हक्क दोघांचा, म्हणून प्रत्येक गोष्टीत मतंही दोन.

टायर घासून अगदी गुळगुळीत झाले होते, चारही बदलायला हवे होते, यावर मात्र एकमत होतं. भावोजींना रेडियल हवे होते. त्यांनी मासिकांत वाचलं होतं की जगभर आता रेडियलच चालतात, गाडी लोण्यावरून गेल्यासारखी जाते आणि पेट्रोलही कमी लागतं. यांना साधे नायलॉनचे हवे होते. रेडियलच्या कडा मऊ असतात, आपल्या रस्त्यांवरचे दगड त्या कापून काढतील, असं हे म्हणत. नायलॉनचा टायर फुटला तर गावातला कोणीही माणूस तो दुरुस्त करतो, हेही होतं. भावोजींनी रेडियलच्या बाजूने जेवताना ताटात बोटाने आकृत्या काढल्या. सांबाराच्या, त्यामुळे त्या टिकल्या नाहीत.

शेवटी दोघांनी तोड काढली की पुढचे दोन रेडियल घालायचे आणि मागचे दोन नायलॉनचे. बसस्टँडजवळच्या टायरवाल्याकडे दोघे मिळून गेले. त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं की एका गाडीला दोन जातीचे टायर मी घालणार नाही. वळणावर गाडीचा पुढचा भाग एकीकडे जाईल आणि मागचा दुसरीकडे, ते पाप मला नको. दोघे परत आले आणि गाडी दारात ताडपत्रीखाली उभी राहिली.

यात सगळ्यात मोठं नुकसान अक्कांचं झालं. त्या पन्नाशीला आल्या होत्या, आणि इतक्या वर्षांनी त्यांनी तिरुवैयारूला एका वृद्ध विद्वानांकडे वीणा शिकायला सुरुवात केली होती. सोबत म्हणून मी जात असे. त्या शिकत, मी कावेरीच्या घाटावर बसून केळ्याची भजी खात असे. म्हणजे नुकसान माझंही होत होतं. वीणा काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही.

एका दुपारी शेवग्याच्या शेंगा सोलताना अक्का म्हणाल्या, "या दोघांना एकमेकांचं पटणार नाही. पण एकमेकांना हरवायची संधी दोघांपैकी एकही सोडणार नाही."

मी विचारलं, "मग?"

"मग ती देऊ या."

गाडीत मागे बसणाऱ्या आम्ही दोघी, तेव्हा आम्हाला अर्थातच मऊ चालणारे रेडियल हवे होते. बेत असा ठरला. अक्कांनी भावोजींच्या कानावर घालायचं की धाकटा न विचारता नायलॉनचे टायर आणायच्या विचारात दिसतो. मी यांना सांगायचं की भावोजी म्हणत होते, त्याला रेडियलमधलं काही समजत नाही म्हणून तो भितो. दोघांपैकी एक जरी हलला तरी काम होणार होतं. कोण आधी हलेल हे बघायचं, आणि तो हलला की दुसरीने गप्प बसायचं.

यांना माझं बोलणं भलतंच लागलं. दुसऱ्या दिवसापासून मासिकं यांच्या उशाशी दिसू लागली. टायरच्या बाजूला कोरलेल्या आकड्यांचा अर्थ काय, आत तारा कशा विणलेल्या असतात, असं काहीबाही हे मलाच समजावून सांगू लागले. मला वाटलं, अजून बराच वेळ आहे. आणि अक्कांना वाटलं, भावोजी जागचे हलत नाहीत, कारण ते ऐकून फक्त "हूं" म्हणाले होते. म्हणून आम्ही दोघींनी आपापला जोर चालूच ठेवला.

त्यानंतरच्या शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघी तिण्णैवर, म्हणजे दारापुढच्या ओट्यावर, जाईच्या कळ्या गुंफत बसलो होतो. गल्लीच्या तोंडाशी मालाची तीनचाकी सायकल दिसली. तिच्यावर टायरांची उतरंड रचलेली होती, इतकी उंच की चालवणारा माणूस बाजूने मान काढून रस्ता बघत होता. अक्कांचे हात थांबले. सायकल आमच्याच दारापुढे येऊन उभी राहिली.

आतून भावोजी आले, जिंकलेल्या माणसाच्या चालीने. त्यांच्यामागे हे आले, त्याच चालीने. दोघांनी एकदमच सायकलवाल्याला सांगितलं की माल इथलाच आहे, उतरव. मग दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि नंतर टायरांकडे. आठ होते. एकाच कंपनीचे, एकाच मापाचे, सगळे रेडियल.

भावोजी सकाळी शाळेत जाण्याआधी दुकानात गेले होते आणि हे दुपारी कचेरीतून परस्पर. टायरवाल्याने यांना विचारलंही होतं, तुमच्याकडे आता दोन गाड्या झाल्या का म्हणून. यांना वाटलं तो कौतुक करतोय. वीज खात्यातल्या माणसाला असं कौतुक रोज मिळत नाही. हे म्हणाले, होतील हळूहळू. त्याने बिचाऱ्याने दोन्ही मागण्या एकाच सायकलवर चढवल्या, म्हणजे तेवढीच एक फेरी वाचली.

अक्का उठून आत गेल्या. मला वाटलं, घाबरल्या. मागोमाग गेले तर त्या स्वयंपाकघरात पदर तोंडात कोंबून भिंतीला टेकल्या होत्या आणि त्यांचे खांदे हलत होते. मग मलाही हसू आवरेना.

दोघे भाऊ चार टायर परत करायला गेले. टायरवाल्याने त्यांना कॉफी पाजली आणि माल परत घ्यायला अतिशय आदराने नकार दिला. ते परत आले ते मात्र एका मताने. दोष टायरवाल्याचा होता, याबद्दल दोघांचं इतकं जुळलं की आम्हाला काही बोलायची गरजच उरली नाही. कोण काय बोललं, कुणी कुणाच्या कानात काय घातलं, हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही.

गाडी चालू झाली, अक्कांची वीणा चालू झाली, माझी भजी चालू झाली. उरलेले चार टायर मधल्या खोलीत एकावर एक रचून ठेवले. घराला रबराचा वास येऊ लागला. पाहुणे विचारत, हे काय? भावोजी गंभीरपणे सांगत, काळ बदलतोय, उद्या काय मिळेल न मिळेल, शहाण्या घरात एक संच राखीव असावा. हेही त्यावर मान डोलावत. आणखी काही दिवसांनी दोघांनाही ते खरं वाटू लागलं.

पण टायर नुसते पडून राहिले तर कडक होतात, असं यांनी कुठेतरी वाचलं, आणि तिथून नवीन प्रकरण सुरू झालं. टायर वाया जाऊ नयेत म्हणून त्यांच्यासाठी गाडी घ्यायची ठरली. नवी घेऊन उपयोग नव्हता, ती स्वतःचे टायर घेऊन येते. तेव्हा जुनी, त्याच बनावटीची आणि टायर संपलेली गाडी हवी होती.

कुंभकोणमला एक गाडी बघायला आम्ही चौघंही गेलो. मालक सज्जन होते. इंजिन उत्तम होतं, रंग शाबूत होता. भावोजी चाकापाशी वाकले आणि त्यांचा चेहरा पडला. टायर नवेकोरे होते. मालक अभिमानाने म्हणाले, "गेल्याच महिन्यात घातले, सर." भावोजींनी मान हलवली आणि यांच्याकडे पाहिलं. हे हळहळून म्हणाले, "नको अण्णा, ही नको." आम्ही निघालो तेव्हा ते गृहस्थ फाटकात उभे राहून आपल्या गाडीत काय खोट आहे ते शोधत होते.

शेवटी मन्नारगुडीकडच्या एका डॉक्टरांची गाडी मिळाली. दोन दरवाजे नीट लागत नव्हते, पण टायर इतके गेलेले होते की दोघा भावांनी एकमेकांचे हात हातात घेतले. सौदा तिथेच झाला.

आता दोन गाड्या झाल्या आणि चालवणारेही दोघेच, तेव्हा कुणाला कुणाची वाट बघावी लागणार नाही असं मला वाटलं होतं. पण दोघे भाऊ एकाच गाडीत बसून जात, वाद घालायला माणूस हवा म्हणून. डॉक्टरांची गाडी दारात उभी राही. तेव्हा अक्कांनी जाहीर केलं की ती चालवायला त्या स्वतः शिकणार. आमच्या गल्लीत तोवर एकाही बाईने चाक हातात धरलं नव्हतं. भावोजी काही म्हणायच्या आत त्यांनी बसस्टँडजवळच्या ड्रायव्हिंग शाळेत नावही घातलं होतं.

परवाना मिळाल्यावर पहिल्यांदा तिरुवैयारूला निघालो तेव्हा दोघांनी सोबत येण्याचा हट्ट धरला. मी पुढे अक्कांशेजारी बसले, दोघे मागे, त्यांच्या मध्ये वीणा. गल्ली संपायच्या आतच सूचना सुरू झाल्या. भावोजी म्हणत डावीकडे घे, हे म्हणत इथे डावीकडे घेऊ नका वहिनी, खड्डा आहे. एकाला गिअर बदलायला हवा होता, दुसऱ्याला तोच ठेवायला हवा होता. रस्त्यावर मळणीसाठी भाताच्या पेंढ्या पसरलेल्या होत्या, त्यांवरून गाडी न्यावी की बाजूने, यावर तर वीणेच्या डोक्यावरून मोठाच वाद पेटला.

वेण्णार नदीचा पूल ओलांडल्यावर एका चहाच्या टपरीपाशी अक्कांनी गाडी हळूच कडेला घेतली आणि मागे वळून म्हणाल्या, "उतरा, कॉफी घेऊ या."

दोघे उतरले. फडक्याने बाक पुसून घेतलं. भावोजींनी चार कॉफी सांगितल्या.

मी दाराला हात घातला, तेवढ्यात अक्कांनी माझ्या मनगटावर बोटं ठेवली. "तू कुठे निघालीस?" असं म्हणून त्यांनी गिअर टाकला.