गारेगार आणि बाल्कनीचं दार

माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान कोणाच्याही घरी गेले की आधी छताकडे बघतात, मग माणसांकडे. पंखा किती डुगडुगतो, एसीचं तोंड कुणीकडे आहे, खिडकीतून ऊन कुठवर आत येतं, हे सगळं डोळ्यांखालून घातल्याशिवाय त्यांच्या तोंडून 'काय, कसं काय' निघत नाही. एकदा एका ओळखीच्या घरी कोणी वारलं म्हणून समाचाराला गेले होते. घरचे लोक रडून रडून थकलेले. हे गंभीर चेहऱ्याने जवळ बसले आणि हळूच म्हणाले, "यांच्या खोलीतला फिल्टर शेवटचा कधी धुतला होता?"

त्यांचं फ्रिज आणि एसी दुरुस्तीचं दुकान. गल्लीतली पोरं त्यांना 'गारेगार' म्हणत. पोरं मोठी झाली, संसाराला लागली, त्यांच्या घरी एसी आले, आणि ते दुरुस्त करायलाही गारेगारच गेले. नाव काही सुटलं नाही. कामाला माणूस चोख. एकट्यादुकट्या म्हातारीचा फ्रिज बिघडला तर फुकट नीट करून देत. फुकट म्हणजे मजुरी माफ, बोलणी माफ नाहीत. फ्रिजचं दार उघडं टाकून स्वयंपाकघरात विचार करत उभं राहणारी बाई त्यांच्या लेखी गुन्हेगार. एसी लावून दार उघडं ठेवणारा तर त्याहून मोठा.

"गार हवा काय रस्त्याला वाटायला घेतलीय?" ते दारातूनच ओरडत. "द्या, द्या, अजून खिडकीही उघडा. मांजरं येऊन बसतील!"

गिऱ्हाइकं ऐकून घेत, कारण गावात दुसरा असा हात नव्हता.

घरी धाकटीचे हाल मात्र कोणी विचारायचं नाही. त्यांच्या झोपायच्या खोलीच्या खिडक्यांच्या फटींत त्यांनी स्वतः स्पंजच्या पट्ट्या भरल्या होत्या. डासच काय, आवाजही आत येत नसे. भर उन्हाळ्यात धाकटी पायमोजे घालून झोपायची. "मला यांनी पालेभाजीसारखी ताजी ठेवलीय," ती म्हणायची. आम्ही हसायचो. तीही हसायची, पण जरा उशिरा.

पुढे त्यांच्या लेकीने आईबाबांना जहाजाच्या सहलीवर पाठवायचं ठरवलं आणि आईला विचारलं, "तुला काय हवं?" तेव्हा धाकटी विचार न करता म्हणाली, "उघडणारं दार. मला समुद्राच्या आवाजात झोपायचंय. बाकी काही नको."

लग्न झाल्यापासून धाकटीने स्वतःसाठी काही मागितल्याचं मला आठवत नाही. लेकीने बाल्कनीची केबिन घेतली. सोबत म्हणून मलाही शेजारची खोली घेऊन दिली.

जहाजावर पाऊल ठेवल्या ठेवल्या गारेगारांनी तपासणी सुरू केली. आम्ही दोघी समुद्र बघत होतो, हे भिंतीला हात लावत फिरत होते. संध्याकाळच्या आत त्यांचा निकाल तयार. नाट्यगृह उत्तम. ग्रंथालय त्याहून उत्तम, कारण तिकडे कोणी फिरकत नाही, तेव्हा हवा कोणी वापरत नाही. जेवणाचा हॉल काठावर पास, स्वयंपाकघराची वाफ येते. वरचा डेक सपशेल नापास.

"वरच्या डेकवर छप्परच नाही, भावोजी," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय, ताई. एवढं मोठं जहाज बांधलं आणि छप्पर घालायला विसरले."

जेवणाच्या टेबलावर त्यांना श्रोतेही मिळाले. दुपारी केबिनचे पडदे ओढून घ्या. नको ते दिवे घालवा, दिवाही तापतो. जहाजाच्या कोणत्या अंगाला ऊन आहे ते बघा आणि दुसऱ्या अंगाला बसा. ओला नॅपकिन मानेवर. हे सगळं खरंच होतं, आणि लोक माना डोलावत होते. पुढची गंमत अशी की त्यांचं ऐकून अर्धी मंडळी आतल्या मोठ्या दालनात गार हवेच्या झरोक्यांखाली जाऊन बसली. बाहेर निळा समुद्र, आत ही माणसं समुद्राकडे पाठ करून, अंगावर जहाजाची पांघरुणं लपेटून, नाकं लाल करून पत्ते खेळत होती. एक गृहस्थ कानटोपी घालून आइस्क्रीम खात होते. इतक्या लांबचा प्रवास करून माणसं फ्रिजमध्ये येऊन बसली होती, आणि वर एकमेकांना म्हणत होती, "काय सुख आहे नाही!"

खरा झगडा केबिनमध्ये झाला. बाल्कनीच्या दारावर ठळक अक्षरांत सूचना होती: दार उघडं असताना गार हवा बंद राहील. चौकटीत एक छोटी खूण होती, तिच्यामागे दाराची चाहूल घेणारा सेन्सर, आणि दारात चुंबक. दोन्ही समोरासमोर आले की यंत्राला कळतं, दार लागलं. धाकटीने दार उघडलं की छतातला झरोका गप्प. गारेगारांनी दार लावलं की समुद्र गप्प.

"अगं, घामाच्या धारा लागल्या मला."

"मग पुसा."

"थोडा वेळ लाव ना दार."

"घरी लावलेलंच असतं की. इथे कशाला आलो मग?"

ते वरमले. खरं सांगते, माणूस वाईट नाही. ती बाल्कनीत पाय पसरून बसली तेव्हा तिच्याकडे बघत बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "तू बस. मी तुझी पण सोय करतो आणि माझी पण."

सोय म्हणजे काय, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं. गारेगारांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात एक चपटा चुंबक कायम असतो, यंत्राच्या पोटात पडलेले स्क्रू उचलायला. तो त्यांनी चौकटीवरच्या खुणेपाशी औषधाच्या चिकटपट्टीने डकवला. दार सताड उघडं, पण यंत्राची समजूत अशी की दार लागलेलं आहे. वरून गार हवा भसाभस, समोरून समुद्राचा वारा.

"बघ," त्यांनी बाल्कनीत बसलेल्या धाकटीला हाक मारली. त्यांची छाती फुगली होती. "आता बोल! दोन्ही दिलं की नाही तुला?"

धाकटीने पहिल्यांदा त्यांच्याकडे कौतुकाने बघितलं. "अहो, हे काही बिघडणार तर नाही ना?"

"हयात गेली माझी यात," ते म्हणाले.

आम्ही तिघं निर्धास्त नाश्त्याला गेलो, ते दुपारचं जेवूनच परत फिरलो. धाकटीने तर जाताना दाराला खुर्चीही लावून ठेवली, वाऱ्याने आपटू नये म्हणून.

परत आलो तेव्हा केबिनची साफसफाई बघणारी मुलगी दारात पोछा घेऊन उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर रडू होतं. आत पाऊस पडत होता. दुसरा शब्द नाही. समुद्राची दमट, गरम हवा सकाळपासून आत येत होती आणि बर्फासारख्या गार छताला लागून पाणी होत होती. छतावर थेंब लोंबकळत होते, झरोक्यातून ठिबकत होते. आरसा आंधळा झाला होता. पलंग ओला, उशा ओल्या, धाकटीच्या साड्यांना ओलसर वास. गालिच्यावर पाय ठेवला की पचक् आवाज. आणि यांच्या खोलीने ओढून घेतलेली गार हवा माझ्या खोलीच्या वाट्याला येत नव्हती. मधे एकदा मी डोकावले तेव्हा माझी खोली भट्टीसारखी का तापली होती, ते मला आता समजलं.

"पाइप फुटला असणार," गारेगार ताबडतोब म्हणाले. "ह्यांचं काम कच्चं. मी बघताक्षणी म्हटलं होतं."

"पाइप फुटला नाही, काका," त्या मुलीने हळू आवाजात सांगितलं. "मी आमच्या साहेबांना बोलावलंय."

साहेब म्हणजे जहाजाच्या गार हवेचे इंजिनियर. घामाने ओले, हातात टॉर्च, चेहऱ्यावर सकाळपासूनच्या तक्रारींची शिदोरी. त्यांनी छताकडे पाहिलं नाही, झरोक्याकडे पाहिलं नाही. सरळ दाराच्या चौकटीपाशी गेले आणि चिकटपट्टी सोलून चुंबक तळहातावर घेतला.

"हा कुणाचा?"

गारेगारांनी खिशावर हात ठेवला होता. जुडग्यात रिकामी कडी होती, ती वाजू नये म्हणून असावा.

"काका, दार उघडं ठेवून एसी चालवता?" इंजिनियर म्हणाले. "अख्ख्या मजल्याची हवा तुम्ही समुद्राला वाटलीत. शेजारच्या खोल्यांमधून सकाळपासून फोन येतायत."

मी अनेकदा दुकानात बसले आहे. हे वाक्य मी आमच्या भावोजींच्या तोंडून, याच चढ्या आवाजात ऐकलं होतं. गिऱ्हाईक जसं मान खाली घालून उभं राहायचं, तसेच ते आता उभे होते. फरक इतकाच की गिऱ्हाइकाला बिचाऱ्याला ठाऊक नसायचं. यांना सगळं ठाऊक होतं. दमट हवा गार पत्र्याला लागली की पाणी होतं, हे ते येणाऱ्याजाणाऱ्याला शिकवत आले होते. पण बायकोपुढे चमकायच्या नादात ते नेमकं तेच विसरले.

"मला वाटलं," ते पुटपुटले, "एवढं मोठं यंत्र आहे, पेलेल."

"सगळ्यांना तसंच वाटतं," इंजिनियर म्हणाले. "खोली वाळायला संध्याकाळ होईल. आणि यंत्राशी छेडछाड केली की बाल्कनीची खोली काढून घेतात, असा नियम आहे. खाली आतल्या बाजूला केबिन रिकामी आहे. तुमचं सामान तिकडे हलवू. तिथे खिडकी नाही."

खिडकी नाही म्हटल्यावर गारेगारांच्या चेहऱ्यावर क्षणभर जे आलं, त्याला आनंद म्हणायला माझी जीभ धजत नाही, पण दुसरा शब्दही सापडत नाही. जहाजाच्या पोटातली बंद खोली! ऊन नाही, फट नाही! मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं आणि चेहरा सावरला.

धाकटी पांढरी पडली होती. सहल अजून अर्धीही झाली नव्हती. तिने उघडं दार, मग इंजिनियर, मग नवरा असं एकेकाकडे पाहिलं. दुकानात, घरात, कुठेही बोलणं यांचं आणि ऐकणं हिचं, अशीच रीत. मला वाटलं, आता ही निमूटपणे ओल्या साड्या पिळायला घेणार.

"साहेब," ती म्हणाली, "चुंबक माझा नाही."

"अहो, पण खोली तुमची दोघांची..."

"चुंबक यांचा. डकवला यांनी. गार हवा यांना हवी. मला ती कधीच नको होती. तुम्ही असं करा, ती हवा या खोलीत बंदच करून टाका. सहल संपेपर्यंत नको. मी दार उघडून झोपेन. आणि यांना घेऊन जा खाली."

"अगं!" गारेगार म्हणाले.

"काय अगं? खिडकी नसलेली खोली आयती मिळतेय. जा."

इंजिनियरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती बरोबर बोलतेय." साफसफाईच्या मुलीने पोछ्याआड तोंड लपवलं. इंजिनियर जरा विचारात पडले. मग खांदे उडवून म्हणाले, "हवा बंद केली तर यंत्राला धोका नाही. मला चालेल." एवढं बोलून त्यांनी गारेगारांची बॅग स्वतःच उचलली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि धाकटी बाल्कनीत बसलो होतो. वाऱ्याने तिचे केस पार विस्कटले होते आणि तिला ते आवरायचे नव्हते. दारावर टकटक झाली. गारेगार. अंगात स्वेटर.

"खोली कशी आहे?" तिने विचारलं.

"एक नंबर. आवाज नाही, ऊन नाही. हवा अशी की पाणी ठेवलं तर गोठेल."

"मग इकडे कसे?"

ते घुटमळले. "तिथे बोलायला कोणी नाही. आणि नावं ठेवायला म्हणावं, तर काही सापडतही नाही."

धाकटीने खुर्ची पुढे सरकवली. ते बसले. स्वेटर काढला, मग वरचं बटण सोडलं, मग रुमाल काढला. घाम कानामागून गळ्यात उतरत होता. मान पुसत ते म्हणाले, "समुद्र बराच मोठा दिसतो की."

"हो," धाकटी म्हणाली. "आल्या दिवसापासून आहे."

"आज झोपायला इथेच आलो तर?"

"या. दार उघडं राहील."

"टेबलफॅन वगैरे मागता येईल का?"

"नाही."

"मग विचार करतो," ते म्हणाले.

तो विचार जेवणाची वेळ होईपर्यंत चालला होता. खुर्चीवरून मात्र ते उठले नाहीत.