रत्नाकाकूंनी लावलेली बियर

अमेरिकेत कॅरी गावात राहणारे दिगंबर देवस्थळी रिटायर झाल्यावर हौसेनं घरी बियर करायचं सामान घेऊन आले आणि आठवडाभरात हार्ट अटॅकनं गेले. उन्हाळ्यात त्यांच्या बायकोनं, रत्नाकाकूंनी, त्या सामानातून बादलीत बियर आंबायला लावली. यीस्ट कामाला लागलं तशी बादली तापू लागली.

"फार गरम झाली तर चव बिघडते, काकू," शेजारचा निहार म्हणाला.

मग काकूंनी बादली गार पाण्याच्या टबात ठेवली, तिला ओला टॉवेल गुंडाळला आणि सकाळ-संध्याकाळ टबात बर्फाच्या बाटल्या सोडल्या.

दिगंबररावांच्या वाढदिवसाला मित्र जमले. काकूंनी सगळ्यांचे ग्लास भरले आणि आयुष्यात पहिल्यांदाच एक घोट घेतला.

"कडू आहे रे."

"अशीच असते, काकू. छान जमलीय," निहार म्हणाला.

दिगंबरराव गेल्यापासून न रडलेल्या काकू तेव्हा सगळ्यांसमोर रडल्या.