म्हातारी चालूच होती

भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या की मला हसू येतं. आजही येतं. मी हिंगोलीत एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते. रिपोर्टात येईल तेवढंच खरं, बाकी सगळी लोकांची हौस... अशा बाईने हे लिहायला घेतलंय, यावरून काय ते समजा.

माझे वडील, नाना, डिझेल इंजिनाचे ड्रायव्हर. अकोला–पूर्णा लाइनवर त्यांची अख्खी नोकरी गेली. त्या जुन्या इंजिनांची एक गंमत होती — शेडच्या बाहेर ती सहसा बंद करायचीच नाहीत. बॅटरी कमजोर, एकदा बंद केलं की पुन्हा चालू होईल याचा भरवसा नाही. गाडी कितीही वेळ खोळंबली तरी इंजिन आपलं धडधडत उभं. ड्युटी संपली की चालू इंजिन दुसऱ्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचं आणि घरी यायचं. रिटायर झाले त्या दिवशीही नाना तसेच आले. त्यांचं एक लाडकं इंजिन होतं, त्याला ते ‘म्हातारी’ म्हणायचे. शेवटची ड्युटी तिच्यावरच झाली.

मग लाइनवर विजेच्या तारा आल्या. डिझेलची इंजिनं एकेक करून भंगारात निघाली. हे कानावर आलं आणि नानांचं चित्त थाऱ्यावर राहीना. जेवता जेवता उठायचे, चपला घालायचे.

“कुठं निघाले, नाना?”

“म्हातारी चालू सोडून आलो ना माय मी. बंद कराय पायजे. तशीच जित्ती कापतील तिला.”

डॉक्टर म्हणाले, वय झालं. गोळ्या दिल्या. गोळ्या खाऊन नाना आणखीच लांब जायला लागले! एकदा गेटमनने रुळांवरून परत आणलं, एकदा नरसीच्या रस्त्याला पेरूच्या गाड्यापाशी सापडले. शेवटी कामावर जाताना मी बाहेरून कडी लावू लागले. आपल्या बापाला कोंडून जायचं... फार वाईट वाटायचं हो. लॅबमध्ये सुई हातात घेतली तरी डोळ्यांपुढे ती कडी यायची.

नानांचे जुने असिस्टंट सलीमचाचा आता स्वतः विजेचं इंजिन चालवतात. एका हिवाळ्यात सकाळी त्यांचा फोन आला. “बेटा, डेड इंजिनं घेऊन येऊन राहिलो. म्हातारी बी हाय त्याच्यात. हिंगोलीला समोरच्या गाडीच्या क्रॉसिंगला थांबवतील मला. नानाला घेऊन ये.” रेल्वेत बंद करून ओढत नेतात त्या इंजिनाला ‘डेड’ म्हणतात.

रिक्षा करून नेलं. चांगलं ऊन पडलं होतं. प्लॅटफॉर्मला लागून सलीमचाचांचं इंजिन, त्याच्या मागे गंजलेली डेड इंजिनांची रांग. म्हातारी सगळ्यात शेवटी. नानांनी नंबर बघितला नाही, काही नाही... सरळ तिच्यापाशी गेले आणि चढायच्या दांड्याला हात लावून उभे राहिले. ड्युटीवर चढताना ते असेच क्षणभर थांबायचे.

“चालू हाय,” नाना म्हणाले.

“नाना, बॅटऱ्या शेडलाच काढल्या,” आमच्या मागोमाग आलेले सलीमचाचा हळू आवाजात बोलले. “डिझेलचा थेंब न्हाई हिच्यात.”

“मंग हात लावून बघ की.”

मीच लावला. बापाची समजूत काढायला म्हणून लावला... आणि तळहाताखाली दांडा थरथरत होता! सावकाश, एका लयीत. आवाज मात्र काहीच नाही. माझा हात थरथरत असेल म्हणून मी पुढच्या इंजिनाचा दांडा धरून पाहिला. थंडगार, निपचित. परत आले. म्हातारी चालूच.

“सलीम,” नाना जुन्या हुकमी आवाजात म्हणाले, “जा, बंद कर तिला.”

सलीमचाचांनी माझ्याकडे पाहिलं आणि वर चढून केबिनमध्ये गेले. थोड्याच वेळात दांड्याला दोन-तीन जोराचे हिसके बसले आणि थरथर थांबली. “नका ना बंद करू!” माझ्या तोंडून निघून गेलं. का, ते मला त्या वेळी कळलं नाही.

चाचा उतरले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “बेटा, आत बटनच न्हाई. सगळं काढून नेलंय. मी नुसता उभा होतो.”

नाना ऐकतच नव्हते. “चला घरी,” म्हणाले. त्या दुपारी ते लहान लेकरासारखे झोपले, आणि कडी लावायची गरज मला पुन्हा पडली नाही. डॉक्टर म्हणतात, गोळ्या लागू पडल्या.

मी पुष्कळ विचार केला. सलीमचाचांच्या इंजिनाची थरथर म्हणावी, तर ती मधल्या इंजिनाच्या दांड्याला का नव्हती? क्रॉसिंगची गाडी म्हणावी, तर ती अजून यायची होती. उत्तर सापडलेलं नाही. लहानपणी ड्युटीवरून आलेल्या नानांना मी बिलगायची, तेव्हा त्यांच्या अंगात तीच थरथर लागायची, एवढं मात्र आता रोज आठवतं.

परवा सलीमचाचा भेटायला आले. बोलता बोलता म्हणाले, “नाना, म्हातारीची याद येते का?”

नाना हसले. “कोणती म्हातारी?”