आधी वाचून दाखवा

“आधी वाचून दाखवा,” सर फोनवर म्हणायचे. त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येऊन पडलेला असायचा, इकडं माझी बोटं कीबोर्डवर तयार असायची, आणि हे म्हणायचे, “ते शेवटचं वाक्य. आधी वाचून दाखवा.”

परभणीत माझं टॅक्सचं ऑफिस आहे. मेंढरं राखणाऱ्या घरातला मी पहिला बी.कॉम. पाटीवर नावापुढं ते ठळक रंगवून घेतलंय. मिरवण्यासारखं आहे, म्हणून मिरवतो. सर एका खासगी कॉलेजचे प्राचार्य. कुणाला किती पगार दिला, त्यातून किती टॅक्स कापला, हे कॉलेजला दर तिमाहीला आयकर खात्याला ऑनलाइन कळवावं लागतं. विवरण भरायचो मी, पण जबाबदार माणूस म्हणून नाव सरांचं. त्यांनी ओटीपी सांगितल्याशिवाय ते जायचं नाही.

मी वाचायचो, “वरील सर्व माहिती खरी व बरोबर आहे.” मग सर हजेरी घेतल्यासारखा एकेक आकडा सांगायचे. प्रत्येक आकड्याला मी “हजर” म्हणायचं. विसरलो तर म्हणायचे, “पोरगं गैरहजर दिसायलंय!” समोरचं गिऱ्हाईक माझ्याकडं बघत राहायचं.

असा मास्तर तुम्हालाही कुठंतरी भेटला असेल. हसू यायचं, आणि रागही.

कारण वाचायचं ते वाक्य खोटं होतं. त्या कॉलेजात पगार बँकेत पूर्ण जमा व्हायचा आणि आठवडाभरात त्यातला बराचसा रोख काढून संस्थेला परत द्यावा लागायचा. टॅक्स मात्र पूर्ण पगारावर. सगळे देत होते. सरही देत होते. मला पगारपत्रक यायचं, त्यावरून मी विवरण करायचो.

एकदा मी कॉलेजात बसलो असताना पेडगावचे एक प्राध्यापक आत आले. मुलीला इंजिनिअरिंगला फीची सवलत मिळणार होती, ती नाकारली होती. बापाचं उत्पन्न जास्त दिसतंय म्हणून. त्यांनी फॉर्म सोळा, म्हणजे वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा दाखला, टेबलावर ठेवला.

“सर, ह्यावरला पगार कुणाचा हाय? माझा तर न्हाई.”

सरांनी कागद उलटला. खाली त्यांचीच सही होती.

“बसा,” म्हणाले. प्राध्यापक उभेच राहिले.

त्या आठवड्यात सर संस्थेच्या अध्यक्षांकडं जाऊन आले. कळवता तेवढा पगार घरी जाऊ द्या, नाहीतर जातो तेवढाच कळवा, एवढंच त्यांचं म्हणणं. अध्यक्षांनी चहा पाजून वाटेला लावलं.

पुढच्या तिमाहीला मी फोन केला.

“सर, ओटीपी आला का?”

“आलाय. आधी वाचून दाखवा.”

मी वाचलं. तिकडं पंख्याची खरखर तेवढी ऐकू येत होती.

“सर, मुदत संपायलीय त्याची.”

“खरं हाय का वो ते?”

“मी पगारपत्रकावरून केलंय, सर.”

“तुम्हाला न्हाई इचारलं. सोताला इचारायलोय.”

ओटीपी बाद झाला. मी परत पाठवला, तोही बाद झाला. शेवटी अध्यक्षांचा फोन आला, “सर लय शहाणे झालेत. दुसऱ्याचा नंबर टाका.” टाकला. नवे प्रभारी प्राचार्य मी मागायच्या आतच ओटीपी व्हॉट्सॲपवर पाठवतात.

सरांना दोन महिन्यांत घरी बसवलं. पेडगावची ती मुलगी आता बाहेरून बी.ए. करतेय.

मध्यंतरी सर ऑफिसात आले, पिशवीत फॉर्म सोळा घेऊन. स्वतःचा पगार बघून हसले. “बापरे! एवढी चांगली नोकरी होती व्हय माझी?”

त्यांचं रिटर्न मी त्याच आकड्यावर भरून ठेवलं. सरकारकडून थोडा परतावा निघतो, आणि त्यांना सध्या त्याची लय गरज आहे. मी फोन केला. उचलला. ओटीपी आलाय म्हणाले.

“आधी वाचून दाखवा.”

मी वाचलं. खरी व बरोबर आहे. पंख्याची खरखर.

मुदत जवळ आलीय. मी रोज फोन करतो, सर रोज उचलतात. रिटर्न तयार आहे. ओटीपी तेवढा राहिलाय.