तोरणमाळला बिजलीबाईंनी गॅस का ठेवला

देवाचं काही नसताना नुसतं फिरायला म्हणून माय आजवर घराबाहेर पडली नव्हती. नाशिकला नोकरी लागल्यापासून मी तिच्या मागे लागले होते. शेवटी कापसाची दुसरी वेचणी आटोपली, मला सुट्टी मिळाली आणि आम्ही दोघींनी तोरणमाळ ठरवलं. लोणखेड्याच्या पुढे आमचं गाव. तिथून स्वच्छ हवेच्या दिवशी सातपुड्याची निळी रांग दिसते. जन्मभर जी रांग पाहिली तिच्यावर चढायला मायला पन्नाशी गाठावी लागली.

हॉटेलचं जेवण दोघींनाही परवडणारं आणि पचणारं नव्हतं. म्हणून मी स्वयंपाकघर असलेली खोली शोधली. ओळखीच्या जीपवाल्याने तलावापासून थोड्या अंतरावरच्या बिजलीबाई पावरा या आदिवासी बाईंचं घर सांगितलं. दोन खोल्या, गॅस, ओटा, नळ, आणि भाडं हॉटेलच्या निम्म्याहून कमी. मी लगेच हो म्हटलं. माझ्या प्रवासाच्या ब्लॉगवर काय लिहायचं तेही मनात ठरवून टाकलं: स्वयंपाकघर भाड्याने घ्या, साधं करून खा, पैसे वाचवा.

मायने मात्र पिशव्या भरायला घेतल्या तेव्हा त्यात पातेलं आलं, तवा आला, दोन ताटं, दोन पेले, पळी, पिण्याच्या पाण्याची कळशीसुद्धा. तिथे भांडी आहेत असं मी सांगितलं. ती म्हणाली, "परका घरना भांडा कोन कसा घासस, काय माहीत." मला ते स्वच्छतेचं वाटलं. खरं तर मी ते तसं वाटून घेतलं.

शहाद्याहून सकाळची एसटी धरा. म्हसावद, राणीपूर मागे पडलं की घाट सुरू होतो आणि एसटीचा वेग बैलगाडीचा होतो. खिडकीची डावी बाजू घ्या, दरी तिकडे आहे. मळमळत असेल तर आवळा सुपारी जवळ ठेवा. मायने अख्खा घाट डोळे मिटून काढला, आणि वर पोहोचल्यावर मला सांगितलं की घाट चांगला होता.

बिजलीबाई दारात उभ्या होत्या. चाळिशीच्या असतील. हातात चांदीचे वाळे, आवाज मोठा. नवरा ऊसतोडीला गुजरातेत गेलेला, त्या एकट्याच. आम्ही कुठल्या गावच्या ते त्यांनी आधी विचारलं. मायने गावाचं नाव सांगितलं तशी त्या एकदम ओळखीचं हसल्या. आमच्या शेजारच्या गावात त्यांनी बरीच वर्षं मिरची तोडली होती, म्हणून त्यांना आमची अहिराणी येत होती. "मिरचीना हात शेतस ह्या, मावशी," त्या आपले तळवे दाखवत मायला म्हणाल्या, "डोयाले लावा का रडनं."

त्या संध्याकाळी मी मुगाच्या डाळीची खिचडी केली. प्रवासातून आल्यावर याहून सोपं काही नाही. घरूनच डाळ-तांदूळ एकत्र करून, त्यात हळद, जिरं आणि वाळलेल्या लाल मिरच्या घालून डबा भरून नेला होता. तिथे फक्त कांदा चिरायचा, तेल तापवायचं, मूठभर शेंगदाणे टाकायचे. वर तेल-लसणाची फोडणी ओतली की दोघींचं पोट भरतं आणि भांडं एकच पडतं.

खिचडीच्या आधी चहा झाला. मी बिजलीबाईंना हाक मारली. त्या आल्या, पण आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर बसल्या. मी त्यांच्याच मांडणीवरच्या पेल्यात चहा दिला. पिऊन झाल्यावर त्यांनी पेला अंगणातल्या नळावर राखेने घासला, धुतला आणि परत मांडणीवर न ठेवता बाहेर ओसरीच्या कठड्यावर पालथा घातला.

स्वतःच्या घरात, स्वतःचा पेला.

मला काही कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. आमच्या गोठ्यात दारामागे खुंटीखाली असाच एक पेला पालथा असायचा, सालदाराचा, वर्षभरासाठी ठेवलेल्या गड्याचा. लहानपणापासून घरची सगळी भांडी मी घासली, तो कधी घासला नाही. घासायचा नाही हे मला कोणी सांगितलंही नव्हतं. कॉलेजात समतेवर भाषण करून मी बक्षीस आणलं, तेव्हा मायने ते देवघराजवळ ठेवलं. गोठ्यातला पेला तेव्हाही तिथेच होता.

सकाळी मायने चहा केला, आणि कठड्यावरच्या त्याच पेल्यात वरून, हातभर उंचीवरून ओतला. बिजलीबाईंनी पेला खाली धरला होता. थेंब उडाला नाही. दोघींचाही हात बसलेला होता.

नंतर मी मायला विचारलं, तर तिला माझा राग कळेना. "आपन काय बोलनूत तिले? तिले रीत ठाऊक शे." तिचंही खोटं नव्हतं. आम्ही काहीच बोललो नव्हतो.

दुसरा दिवस फिरण्याचा. यशवंत तलावाच्या कडेने सकाळी चाला, उन्हं वर येईपर्यंत पाण्यावर धुकं असतं. सीताखाईला जीपने जा किंवा पायी, पायी गेलात तर टोपी आणि पाणी हवंच. दरीच्या तोंडाशी माय बराच वेळ उभी राहिली. खालच्या मैदानाकडे बोट दाखवून आपलं शेत कुठे असेल ते शोधत होती. सापडलं नाही, तरी कुठल्याशा हिरव्या पट्ट्याला तिने आपलं म्हटलं.

परत येताना बाजारातून वांगी घेतली. भरीत हा भाड्याच्या स्वयंपाकघरातला माझा सगळ्यात आवडता पदार्थ: गॅसच्या जाळावर वांगं भाजा, साल काढा, हिरवी मिरची आणि लसूण त्याच जाळावर भाजून ठेचा, कांद्याची पात, तेल, मीठ. बरोबर घरून आणलेल्या कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची भाकर. संध्याकाळसाठी शेवभाजीचा वाटलेला कोरडा मसाला होताच. पाणी उकळून मसाला टाकायचा आणि ताटात वाढताना जाड शेव घालायची, आधी नाही, नाहीतर लगदा होतो.

वांगं भाजत असताना बिजलीबाई उंबऱ्यावर येऊन बसल्या. मी त्यांच्या स्वयंपाकघराचं मनापासून कौतुक केलं. म्हटलं, तुमची ही कल्पना फार छान, पाहुण्यांना हवं ते करून खाता येतं. त्या हसल्या. म्हणाल्या, ती त्यांची कल्पना नव्हतीच. आणि मग जे सांगितलं ते त्यांच्याच शब्दांत देते, कारण माझ्या शब्दांत ते मऊ होईल.

"पहिले मी जेवन देऊ. गॅस नव्हता, चूल व्हती. लोके येत, इचारेत, कोन रांधस? मी म्हनू, मीच. मंग त्यासले भूकच ऱ्हाये नही. मोठी मोठी गाडीवाला, त्या बिस्किटं खाईसन झोपी जात. मंग मी गॅस ठेवा. आते सोता रांधतस. त्यासले बी सोपं, माले बी सोपं."

म्हणजे ज्या स्वयंपाकघरात मी पैसे वाचवत होते ते असं उभं राहिलं होतं. वांग्याची एक बाजू करपली, ते उलटायचं माझ्या लक्षात आलं नाही.

मी ब्लॉग लिहिते हे त्यांना जीपवाल्याकडून कळलं होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "लिख ना ताई, बिजलीबाईकडे जेवन बी भेटस." खोलीच्या भाड्यात त्यांचं वर्ष निघत नव्हतं. दोन वेळचं जेवण घेणारे पाहुणे मिळाले, तर पुढच्या हंगामात नवऱ्याला तोडीला जावं लागणार नव्हतं. हे त्यांनी सांगितलं तेव्हा आवाज तेवढाच मोठा होता, पण माझ्याकडे न बघता त्या अंगणाकडे बघत होत्या. मी हो म्हटलं. लगेच लिहिते म्हटलं. त्यावर त्या पटकन वळल्या: "खाया बगर लिखू नको."

उद्या दुपारी आम्ही दोघी तुमच्याकडे जेवतो, मी म्हणाले. दोघी. मायला न विचारता.

त्या गेल्यावर माय माझ्याशी भांडली नाही, हे जास्त जड गेलं. भांडी आवरत हळू बोलत राहिली. लग्न होऊन आली तेव्हा शेतात एकदा तहान लागली म्हणून ती मजुरांच्या माठातलं पाणी प्यायली होती. सासूला कळलं. कितीतरी दिवस तिला चुलीजवळ येऊ दिलं नाही, तिचं ताट वेगळं. माझ्या वडिलांनी तोंड उघडलं नाही. "तू शिकनी, तू नाशिकले ऱ्हास," ती म्हणाली, "माले त्याच गावमा जानं शे." मी पुष्कळ बोलले. माणूस, माणुसकी, संविधान, सगळं बोलले. तिने पातेलं घासून पालथं घातलं आणि म्हणाली, उद्या तिची ग्यारस आहे.

दुसऱ्या दिवशी एकादशी नव्हती.

बिजलीबाईंचं स्वतःचं घर खोल्यांच्या मागे, कुडाच्या भिंतींचं. शेणाने नुकतंच सारवलेलं. त्यांनी दोन ताटं मांडली होती, दोन्ही कोरी, एकावर दुकानाची चिकटपट्टी अर्धी राहिलेली. मक्याची भाकर, उडदाची डाळ, हिरव्या मिरचीचा ठेचा, अंबाडीची भाजी. माय ओसरीवरच थांबली आणि तिने ग्यारस सांगितली.

बिजलीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "मावशी, तुम्हना शेजारना गावमा मी किती वरीस मिरची तोडी. ग्यारसले मालकीन चहामा बी साखर जास्ती टाके. तवयपासून ग्यारस कवय येस ते माले बी पाठ शे." त्या हसून बोलल्या. माय हसली नाही, मान खाली घालून पायरीवर बसली. मग बिजलीबाईंनी ते दुसरं ताट उचललं नाही. त्या स्वतःच त्याच्यापुढे बसल्या, माझ्या समोर.

मी भाकर मोडली, डाळीत बुडवली, घास उचलला. आणि हात थांबला.

किती वेळ थांबला ते मला सांगता येणार नाही. फार नसेल. पण मी तो थांबवला नव्हता. मनात काही आलं नव्हतं, घाण वाटली नव्हती, भीती वाटली नव्हती. हात आपोआप तिथे थांबला, जसा मायचा हात आपोआप वर गेला होता चहा ओतताना. आदल्या दिवशी मी जिला एवढं ऐकवलं, ती पायरीवरून माझ्याकडे पाहत होती. बिजलीबाईही पाहत होत्या.

"घास गरम शे का ताई?" त्यांनी विचारलं.

भाकर गार झाली होती. माय खोलीतून निघायची वाट बघण्यात डाळही कोमट झाली होती.

"हो," मी म्हणाले.

मग मी खाल्लं. सगळं खाल्लं, दुसरी भाकर मागून घेतली, पाणी त्यांच्या हंड्यातलं प्यायले, बोटं चाटली. त्या एका "हो"नंतरचं माझं सगळं खाणं दाखवण्याचं होतं असं मला वाटत राहिलं, आणि तसं वाटत असतानाही डाळ फार चांगली होती.

परतीच्या एसटीत माय घाटभर खिडकीला टेकून बसली होती. डोळे मात्र उघडे होते. राणीपूर आल्यावर तिने विचारलं, "दाय कशी व्हती?" मी सांगितलं: सालीच्या उडदाची, जाडसर, लसूण भरपूर, वर कच्चं तेल. तिने एवढंच म्हटलं की सालीच्या डाळीला शिजायला वेळ लागतो, ती सकाळीच उठली असेल. पुढे म्हसावद येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली. गावात शेजारणी जमल्या तेव्हा तिने तलाव सांगितला, सीताखाई सांगितली, आणि आम्ही सगळं हातानेच करून खाल्लं असंही सांगितलं. मी तिथेच होते. "मी त्यांच्याकडे जेवले," मी म्हणाले. शेजारणींनी मायकडे पाहिलं. माय शेंगा सोलत राहिली, पण तिने मला गप्प बस म्हटलं नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर मी बिजलीबाईंना फोन केला आणि वाचून दाखवलं. मायचं, माझ्या हाताचं, सगळं. मी म्हणाले, घास गरम नव्हता. "भाकर मीच करेल व्हती ताई," त्या म्हणाल्या, "गरम व्हती का गार, माले ठाऊक नही का?" मी माफी मागायला लागले तशी त्यांनी मला थांबवलं. त्यांना दुसरीच काळजी होती. लोक हे वाचून म्हणतील, तिथे कोणी जेवतच नाही. मी म्हटलं, मग तेवढं काढून टाकते. त्या म्हणाल्या, "तुन्ही लाज शे, तुले ठेवनी व्हई ते ठेव. पन मन्हं जेवन शेवटले नीट लिख."

तर नीट लिहिते. तोरणमाळला बिजलीबाई पावरा यांच्याकडे जेवण मिळतं. त्या स्वतः चुलीवर रांधतात. मक्याची किंवा ज्वारीची भाकर, सालीच्या उडदाची डाळ, ठेचा आणि त्या दिवशी रानात किंवा परसात असेल ती भाजी. ठेचा तिखट असतो, आधी थोडाच घ्या. आदल्या संध्याकाळी सांगावं लागतं, कारण डाळ भिजवावी लागते. त्या पाहुण्यांबरोबरच जेवायला बसतात. गेलात तर भाकर गरम असतानाच खा.