गप्प विहीर

सावंतवाडीच्या डॉक्टरांनी ईसीजीचा कागद टेबलावर पसरला, त्यावरून एकदा बोट फिरवलं आणि विचारलं, "कामावर कधी निघणार होता?" मी म्हटलं, आज संध्याकाळी, गाडीचं तिकीट काढलंय.

"ते रद्द करा," ते म्हणाले. "हृदयाला रक्त कमी पडतंय. इथून थेट गोव्याला, मोठ्या इस्पितळात. आणि जिनासुद्धा स्वतःच्या पायांनी उतरायचा नाही."

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते सांगतो, हसलात तरी चालेल. दुखायचं तर कधीच थांबलंय, मग एवढं कशाला?

मी गुजरातेत वर्कओव्हर रिगवर ड्रिलर आहे. नवी तेलविहीर खणणारे वेगळे. विहीर जुनी होते, तेल कमी येतं, आतली नळी गंजते, तेव्हा आम्हाला बोलावतात. आम्ही मनोरा उभा करतो, जमिनीच्या पोटातल्या नळ्या एकेक करून वर ओढतो, बिघाड काढतो आणि पुन्हा आत सोडतो. ओढणाऱ्या यंत्राचा ब्रेक माझ्या हातात असतो.

आत वायूचा दाब असतो आणि तो कुणाला दिसत नाही. म्हणून आधी जड खारं पाणी ओतून विहीर दाबून टाकतात. त्याला आम्ही विहीर मारणं म्हणतो. पण मेली म्हणून लगेच हात घालायचा नाही. पंप बंद करून तिच्या तोंडाकडे नुसतं बघत उभं राहायचं. पाणी आपणहून वर आलं, तर तोंडावरच्या जाड पोलादी झडपा मिटायच्या. त्यांना ब्लोआउट प्रिव्हेंटर म्हणतात. गप्प विहिरीवर विश्वास ठेवू नको, हे मी प्रत्येक नव्या माणसाला घोकून घ्यायला लावलंय.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सुट्टीत आरोंद्याला घरी होतो. गॅसचा सिलिंडर खांद्यावर घेऊन घाटी, म्हणजे घराकडची पायऱ्यांची चढण, चढताना छातीवर कुणीतरी बसल्यासारखं झालं, जबडा आणि डावा हात दुखू लागला. पायरीवर टेकलो, दुखणं गेलं. रात्री खाल्लेल्या तिसऱ्या, खाडीतल्या शिंपल्या, बाधल्या असं मी ठरवून टाकलं. दुसऱ्या दिवशी नुसत्या आंघोळीला गेलो तर पुन्हा तेच, आणि पुन्हा गेलं. मी बॅग भरायला घेतली.

माझी बायको सुलभा दारात आडवी उभी राहिली. एवढ्या वर्षांत माझ्याकडून रिगच्या गोष्टी ऐकून तिचे कान किटलेत, पण एकही विसरली नव्हती. "तुमीच सांगतास ना, बावडी गप झाली म्हणान विश्वास ठेवूचो नाय," ती म्हणाली. "मगे छातीचो कसो ठेवतास? आज खंय जावचा नाय. आधी डॉक्टराकडे."

मला राग आला होता. तरी गेलो, तिचं तोंड बंद करायला म्हणून.

गोव्यात ट्रोपोनिन नावाची तपासणी झाली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हा पदार्थ रक्तात उतरतो. माझ्यात तो उतरला होता, थोडा. मग ॲन्जिओग्राफी ठरली, म्हणजे मनगटातल्या रक्तवाहिनीतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, रंगद्रव्य सोडायचं आणि अडथळा कुठे आहे ते पडद्यावर बघायचं. सुलभा बाहेर बाकावर बसली. मी तिला धीर द्यायला काहीतरी विनोद केला. आपण मरू, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

आत थंडगार खोली. मला टेबलावर झोपवलं. डॉक्टर हातमोजे घालून आले आणि लगेच सुरू करतील असं वाटलं, तर सगळे थांबले. एकीने माझं नाव मोठ्याने वाचलं, दुसऱ्याने काय करायचं आहे, कोणत्या हातातून, ते सांगितलं. मग डॉक्टरांनी विचारलं, कुणाला काही म्हणायचंय?

मी डोळे विस्फारून बघत राहिलो. हे तर आमचं! पाळी सुरू होण्याआधी आम्ही रिगखाली गोल उभे राहतो, आज काय बिघडू शकेल ते प्रत्येक जण बोलतो. ज्याला शंका येईल त्याने हात वर करायचा, मग तो काल कामाला लागलेला खलाशी, साधा मदतनीस, का असेना. हात वर झाला की काम बंद, आणि त्याला कुणी रागवायचं नाही.

भिंतीपाशी उभ्या असलेल्या लहानखुऱ्या नर्सने हात वर केला. "सर, किडनीचो रिपोर्ट अजून येवंक ना."

मला मधुमेह आहे. रंगद्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडतं, म्हणून तो रिपोर्ट हवा होता. डॉक्टरांच्या कपाळावर आठी नाही की काही नाही. "मग रावया," एवढंच म्हणाले आणि हात पुढे धरून उभे राहिले. त्या एका पोरीच्या शब्दावर अख्खी खोली थांबली. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. भीती पुरती गेली नाही, पण आपण जाणत्यांच्या हातात आहोत हे कळलं.

रिपोर्ट आला, ठीक होता. मग मी माझं हृदय पाहिलं. पडद्यावर काळ्या फांद्या उमटत, थरथरत, पुसल्या जात. मी गप्पा मारतो, झोपतो, चिडतो, आणि हे बापडं माझ्या जन्माआधीपासून असं राबतंय, एकदाही पाळी न बदलता! आयुष्यभर मी न दिसणाऱ्या खोलात नळ्या सोडल्या. त्या दिवशी माझ्यातच कुणी बारीक तार सोडत होतं, आणि त्या डॉक्टरांच्या बोटांत जी सावकाशी होती ती मला ब्रेकवर कधी साधलेली नाही. एक मोठी फांदी मध्येच तुटल्यासारखी दिसत होती. तिथे त्यांनी स्टेंट बसवला, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी. फांदी भरली. मला हात जोडावेसे वाटले, पण एक हात त्यांच्याकडेच होता.

नंतर डॉक्टर म्हणाले, "त्या गाडीत बसला असता तर आपली भेट झाली नसती." ते बोलताना त्यांनी सुलभाकडे पाहिलं.

तुमच्यापैकी कुणाला चालताना छाती भरून येत असेल आणि बसल्यावर बरं वाटत असेल, तर बरं वाटण्यावर जाऊ नका. माझ्यासारखा शहाणपणा करू नका. घरातलं कुणी आडवं आलं तर येऊ द्या.

कंपनीच्या डॉक्टरांनी सध्या मला ब्रेकपासून लांब ठेवलंय. तो हातात परत येईल की नाही, ठाऊक नाही. तोवर संध्याकाळी आम्ही दोघं खाडीच्या बांधावरून चालतो. परवा मी ऐट दाखवत जरा भरभर पुढे गेलो. मागे वळून पाहिलं तर सुलभा बांधावर उभी, तोंडाने काही नाही, नुसता हात वर.

मी थांबलो. छाती अगदी गप्प होती. ती जवळ आली, आणि तरीही आम्ही थोडा वेळ तिथेच उभे राहिलो, बघत.