कोंडीचा पाय

जव्हार संस्थान विलीन झालं त्या साली पोशेरे गावची कोंडी लाकडाची मोळी घेऊन उतारावरून घसरली आणि कंबर, पाय धरून बसली. भगताने विळा तापवून डाग दिले. डाग बरे झाले, दुखणं होतं तिथंच. मग सगळ्यांनी सांगितलं, पडून राहा. ती बिचारी वर्षभर पडून राहिली आणि पायाचं लाकूड झालं.

शेवटी मुलगा लहान्या तिला बैलगाडीतून जव्हारच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी दोघांनाही बजावलं, "पाय हलता ठेवायचा. खांब धरून उभं राहायचं, रोज पाय बाजूला टाकायचा, टाच उचलायची. दुखलं तरी थोडं थोडं करायचं. वाकून काम मात्र बिलकूल नाही."

घरी खांब धरून पाय टाकताना कोंडीला हसूच फुटलं. हा तर तारप्याचा नाच! भातकापणी झाली, गावच्या माघ्याने भोपळ्याचा तारपा फुंकला आणि ती फेरात शिरली. दोन्हीकडच्या बायांच्या कंबरेला हातांचा विळखा, त्यामुळे पायावर भार निम्माच. चार संध्याकाळी नाचली आणि एका सकाळी कुणाला हाक न मारता उठून बसली. किती दिवसांनी तिला जगावंसं वाटलं!

पावसाळ्यात भाताची आवणी, म्हणजे रोपांची लावणी आली. चिखलात एकटी राबून सून तुळशीचं डोकं फिरलं. बांधावरून ती सगळ्यांदेखत ओरडली, "नाचाया पाय हाय, आवणीला नाय! सोंग हाय निसतं!"

"अगं, नाचात मी उभी रवते. आवणीला दिसभर वाकाया लागतं," कोंडी म्हणाली. शेतातल्या बाया फिदीफिदी हसल्या.

तुळशी दमली होती, हे कबूल. पण जिच्या कंबरेला हात घालून नाचल्या, तिलाच हसताना त्या बायांना काहीच कसं वाटलं नाही? आणि लहान्या? डॉक्टरांचं बोलणं त्याने कानांनी ऐकलेलं. तो मुकाट्याने चिखल तुडवत राहिला.

पुढच्या कापणीला कोंडी फेरात गेली नाही. दुखणं खरं ठरवायचं तर हलता कामा नये, एवढं तिला उमगलं. कुणी पाहील म्हणून तिने खांबही सोडला. पाय पुन्हा आखडला, मग उंबराही ओलांडवेना.

तेव्हा कुठे गावाचा विश्वास बसला. तुळशी तर पार विरघळली. नागलीची भाकर कुस्करून स्वतःच्या हाताने भरवू लागली. "आता खरं दुखतंय गं म्हातारीचं," शेजारणींना सांगू लागली.

एका संध्याकाळी असाच घास भरवत असताना बाहेर तारपा वाजला. गोधडीखाली कोंडीचा अंगठा तालावर हलू लागला. तुळशीला दिसेल म्हणून तिने तो दुसऱ्या पायाखाली दाबून धरला.